चालू मशीन हलवायचं तर रस्ता मोकळा हवा

क्लाउडच्या जाहिरातींत ‘शून्य डाउनटाइम’ (म्हणजे सेवा क्षणभरही बंद नाही) असं वाचलं की मला हसू येतं. शून्य नसतंच ते. फार तर माणसाच्या लक्षात येणार नाही इतकं कमी असतं, आणि तेही नेटवर्कची मांडणी नीट असेल तरच.

एका सर्व्हरवर अनेक व्हर्च्युअल मशिनं, म्हणजे सॉफ्टवेअरने उभे केलेले आभासी संगणक, चालतात. सर्व्हर दुरुस्तीला काढायचा झाला, तर ती बंद न करता दुसऱ्या सर्व्हरवर नेता येतात. हेच लाइव्ह मायग्रेशन. डिस्क बहुधा सामायिक स्टोरेजवर असते, त्यामुळे हलवायची ती मुख्यतः मेमरी. पंचाईत अशी, की मशीन त्याच मेमरीत सतत लिहीत असतं. आपण वहीची नक्कल उतरवतोय आणि वहीचा मालक मागची पानं खोडून पुन्हा लिहितोय, असा हा प्रकार.

यावरची युक्ती मला फार आवडते. मेमरी साधारण ४ केबीच्या पानांत विभागलेली असते. हायपरवायझर, म्हणजे ही मशिनं चालवणारं सॉफ्टवेअर, आधी सगळी पानं पाठवतो आणि तेवढ्या वेळात कोणती बदलली याची नोंद ठेवतो. पुढच्या फेरीत फक्त बदललेली पानं जातात. तेवढ्यात आणखी काही बदलतात, मग ती.

आकडे घालून पाहू. मेमरी ६४ जीबी. पाठवण्याचा वेग सेकंदाला १ जीबी; १० गिगाबिटच्या जोडणीवर एवढा मिळायला हरकत नाही. मशीन सेकंदाला पाव जीबी पानं बदलतंय असं धरू. पहिली फेरी ६४ सेकंदांची, तेवढ्यात १६ जीबी बदलली. दुसरी फेरी १६ सेकंद, मग ४, मग १. आता उरली पाव जीबी. इथे मशीन थांबवायचं, उरलेली पानं आणि प्रोसेसरची स्थिती पाठवायची, पलीकडे सुरू करायचं. थांबा साधारण पाव सेकंदाचा. शाळेतली भूमिती श्रेढीच ही, गुणोत्तर १/४. केंब्रिज आणि कोपनहेगनच्या संशोधकांनी २००५ साली क्वेक ३ या खेळाचा चालू सर्व्हर असाच हलवला, तेव्हा थांबा होता जेमतेम ६० मिलिसेकंदांचा.

आता त्याच केबलवरून बॅकअप, स्टोरेज आणि वापरकर्त्यांची रहदारीही जाऊ द्या. समजा मायग्रेशनच्या वाट्याला सेकंदाला ०.२ जीबीच आली. पाठवण्यापेक्षा बदलण्याचा वेग जास्त, म्हणजे गुणोत्तर १ च्या वर! पहिल्या फेरीलाच ३२० सेकंद, आणि पुढच्या फेऱ्या आटतच नाहीत. (प्रोग्राम तीच ती पानं पुन्हा लिहितात, म्हणून ढीग अमर्याद वाढत नाही, पण पुरेसा लहानही होत नाही.) मग एकतर मायग्रेशन रद्द होतं, नाहीतर थांबा लांबतो. क्यूईएमयू या व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये ‘ऑटो-कन्व्हर्ज’ नावाची सोय आहे, ती मशिनाचा प्रोसेसरच मुद्दाम मंदावते, म्हणजे पानं कमी बदलतात. थांबा लांबत नाही, पण काम रेंगाळतं.

उलट बाजूही आहे. मायग्रेशनने केबल तुंबवली, तर क्लस्टरमधले, म्हणजे एकत्र काम करणाऱ्या गटातले, सर्व्हर ‘मी जिवंत आहे’ म्हणून एकमेकांना जे संदेश पाठवतात ते अडकतात. बाकीचे समजतात, हा गेला. मग धडधाकट सर्व्हरवरची मशिनंही दुसरीकडे नव्याने सुरू केली जातात.

इथे ‘व्हीलॅन वेगळा केलाय की’ हे उत्तर हमखास येतं. व्हीलॅन म्हणजे एकाच केबलवर वेगवेगळी नेटवर्कं मांडण्यासाठी डेटाच्या प्रत्येक फ्रेमवर (तुकड्यावर) लावलेली ४ बाइटची खूणचिठ्ठी. कोणाला काय दिसावं ते तिने ठरतं. केबल मात्र तीच राहते, रुंदीही तेवढीच. रुंदी हवी असेल तर मायग्रेशनला स्वतंत्र नेटवर्क कार्ड द्यावं. तेवढी पोर्टं नसतील तर क्यूओएसने, म्हणजे रहदारीचा अग्रक्रम ठरवणाऱ्या सोयीने, प्रत्येकाचा वाटा बांधून द्यावा.

व्हीलॅन निरुपयोगी आहे असं मात्र नाही; मायग्रेशनची रहदारी इतरांच्या नजरेआड ठेवायला तो हवाच. मेमरीत पासवर्ड असतात, किल्ल्या असतात, आणि बरीच वर्षं हे सगळं उघडंच प्रवास करत होतं. २००८ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी वाटेत बसून, हलत असलेल्या मशिनाची मेमरी बदलून दाखवली. व्हीएमवेअर या कंपनीने या प्रवासाला एन्क्रिप्शन दिलं ते व्हीस्फिअर या तिच्या व्हर्च्युअल मशिनं चालवणाऱ्या सॉफ्टवेअरच्या ६.५ आवृत्तीत, २०१६ साली.