चहा आधी, डिमसम मागाहून

दक्षिण चीनमधल्या ग्वांगझूमध्ये सकाळी ओळखीचं कुणी भेटलं की जुनी मंडळी विचारतात, "यम जो चा मेय?" म्हणजे, चहा झाला का? आपल्याकडे हा प्रश्न विचारणाऱ्याला उत्तराशी फारसं देणंघेणं नसतं. तिथे चहा हा दीड-दोन तासांचा कार्यक्रम असतो. किटली, वर्तमानपत्र, आजी-आजोबा, नातवंडं आणि बांबूच्या वाफाळत्या टोपल्या. अशा हॉटेलात जाण्याला तिथला, म्हणजे कँटनी माणूस "डिमसम खायला जातो" असं सहसा म्हणत नाही. तो म्हणतो "यम चा", चहा प्यायला. डिमसम हे चहाच्या सोबतीला येणाऱ्या खाण्याचं नाव. बाहेरच्या जगाने चहा बाजूला ठेवला आणि सोबतीचंच नाव उचललं. या हॉटेलांतल्या ज्या रीती नवख्याला कोड्यात टाकतात, त्या चहाच्या अंगाने पाहिल्या तरच कळतात.

ग्वांगझू म्हणजे जुनं कँटन. 1757 मध्ये छिअनलुंग बादशहाने पाश्चात्त्य व्यापाऱ्यांना बाकीची बंदरं बंद केली आणि 1842 पर्यंत त्यांचा सगळा व्यापार या एका शहरातून झाला. मुंबईहून कापूस आणि माळव्याची अफू तिकडे जायची, तिकडून चहा आणि रेशीम यायचं. जमशेटजी जीजीभॉय यांनी चीनच्या पाच सफरी केल्या त्या याच व्यापारासाठी. आपला "चहा" हा शब्दही "चा"च्याच घराण्यातला. जवळच्या मकावमध्ये बस्तान बसवलेल्या पोर्तुगीजांनीही तोच उचलला, तर फूज्यान प्रांताच्या किनाऱ्यावरचा "ते" डचांमार्फत युरोपभर जाऊन "टी" झाला.

शहर पैशाचं, पण चहाची दुकानं सुरू झाली ती कष्टकऱ्यांसाठी. 19व्या शतकाच्या मध्याला रस्त्याच्या कडेला "दोन लीची दुकानं" होती. ली म्हणजे चांदीच्या एका ल्यांगचा, या जुन्या चिनी वजनाचा, हजारावा भाग. दोन ली टाकले की चहा मिळायचा, बसायला लाकडी बाकडी, जोडीला साधा पाव किंवा केक. आपल्या अमृततुल्याचा कँटनी भाऊच म्हणा. पुढे त्यांतून बऱ्यापैकी "चहाघरं" निघाली आणि मग मजल्यांची "चा लाव". ताओताओज्यू 1880चं, लियानशियांग 1889चं. खिशाला परवडणाऱ्या नाश्त्याचं माप ठरून गेलं होतं: एक कप, दोन नग. आजही स्वस्त नाश्त्याला हाच वाक्प्रचार वापरतात.

खाण्याने उचल खाल्ली ती 1920च्या दशकात. चहागृहांची आपसांत चढाओढ लागली आणि दर आठवड्याला पदार्थांची नवी यादी लावायची टूम निघाली. अंड्याचं कस्टर्ड भरलेला टार्ट याच काळातला. हार गाव, म्हणजे कोळंबीची पारदर्शक मोदकासारखी पुडी, साधारण याच सुमाराला शहराच्या नदीकाठच्या एका खेड्यात जन्मली असं सांगतात. तिची करणी मराठी माणसाला पटकन कळेल, कारण ही चक्क उकड आहे. फक्त तांदळाच्या पिठीऐवजी गव्हाचं सत्त्व. त्यात थोडा टॅपिओकाचा स्टार्च घालून वर उकळतं पाणी ओततात आणि गरम असतानाच मळतात. लाटणं नाही. तेलाचं बोट लावलेल्या रुंद सुऱ्याचं पातं गोळीवर दाबून फिरवतात की कागदासारखी पारी तयार. मग एका बाजूने कळ्या पाडायच्या. वाफ जरा जास्त लागली की पारी फाटते, कमी लागली तर मध्ये पांढरी राहते. उचलताना ती टोपलीतल्या कागदाला चिकटली तर आचारी नापास. नव्या हॉटेलात गेलेला जाणकार आधी हार गाव मागवतो तो याचसाठी. शाव माय मात्र मूळची उत्तरेची. मंगोलियाच्या बाजूची मटणाची पुडी दक्षिणेत येऊन डुक्कर-कोळंबीची झाली.

1938 मध्ये जपान्यांनी ग्वांगझू घेतलं, 1949 मध्ये कम्युनिस्ट आले. दोन्ही वेळा माणसं हाँगकाँगला पळाली आणि त्यांच्यासोबत आचारीही गेले. 1933 सालचं लुक यू हे चहागृह तिथे आधीपासून होतंच. चहावर ग्रंथ लिहिणाऱ्या तांग राजवटीतल्या लू यूचं (कँटनीत लुक यू) नाव त्याला दिलंय, खाण्याच्या देवाचं नव्हे. गळ्यात तबक अडकवून पदार्थांची नावं पुकारत फिरणाऱ्या बायका आधी होत्या. मोठमोठे हॉल आले तशा त्यांच्या जागी ढकलगाड्या आल्या. पर्यटकांना ज्या गाड्यांचं अप्रूप वाटतं त्या एवढ्या अलीकडच्या, आणि आता यादीवर खुणा करायच्या कागदापुढे त्या मागेही पडल्या.

टेबलावरच्या खुणा जास्त टिकाऊ निघाल्या. गरम चहाने आपापली वाटी आणि काड्या विसळायच्या. किटली रिकामी झाली की झाकण तिरकं ठेवायचं, हाक मारायची नाही. कुणी आपल्या कपात चहा ओतला की दोन बोटं टेबलावर टकटक करायची. यामागे गोष्ट सांगतात की वेश बदलून हिंडणाऱ्या छिअनलुंगने नोकराच्या कपात स्वतः चहा ओतला. लोटांगण घातलं तर बिंग फुटणार, म्हणून नोकराने बोटांनीच घातलं. खरी असेल असं मला वाटत नाही, पण ज्या बादशहाने कँटनची भरभराट केली त्याचंच नाव गोष्टीत यावं, हे गमतीचं. अनोळखी माणसांसोबत एका टेबलावर बसण्याची पद्धतही बाकड्यांच्या जमान्यातलीच.

परदेशात यम चा कँटनी स्थलांतरितांबरोबर गेलं. सॅन फ्रान्सिस्कोतलं हँग आ आणि न्यूयॉर्कचं नोम वा, दोन्ही 1920ची. मुंबईतही ग्वांगडाँग या ग्वांगझूच्याच प्रांतातल्या चार तालुक्यांतून आलेले लोक होते. माझगावचं सी यप कून हे 1919चं देऊळ त्यांचंच. पण आपल्याकडचं चायनीज घडलं ते मुख्यतः कोलकात्याच्या हाक्का या चिनी समाजाच्या मंडळींच्या हातून, आणि त्यात सकाळच्या चहाला जागा नव्हती. त्यामुळे आपल्या मेन्यूकार्डावर डिमसम "स्टार्टर"मध्ये, रात्री नूडल्सच्या आधी. चूक कुणाची नाही, पण जेवणाआधीची भूक चाळवायला हा पदार्थ मुळात केलेलाच नव्हता. कोलकात्याच्या टिरेटा बाजारात मात्र रविवारी पहाटे शाव माय आणि वाफवलेले पाव अजून मिळतात, आणि वेळ बरोबर नाश्त्याची असते.

हाँगकाँगमध्ये आज फोनवरून ऑर्डर देता येते. तरी बिलात माणशी "चा वाय", म्हणजे चहाच्या जागेचे पैसे लागतातच, तुम्ही नुसतं पाणी प्यालात तरी. आणि बसल्या बसल्या वेटर पहिली गोष्ट विचारतो ती कुठला चहा: बो ले, शाव मेय की जाईचा?