स्थलांतरकाळ, शरीरस्थिती आणि बदकांची वीण

स्थलांतरी बदकाची मादी विणीच्या जागी केव्हा पोचते आणि तेव्हा तिच्या अंगावर चरबी किती असते, यांवरून ती अंडी कधी व किती घालेल आणि पिल्ले कितपत तगतील याचा अंदाज बांधणारी गणिती प्रतिमाने.

या विचाराचे मूळ एकाच अभ्यासकाकडे नेणे कठीण आहे. डेव्हिड लॅक यांच्या मते (१९६० चे दशक) पाणपक्ष्यांच्या अंड्यांची संख्या अंडी घालण्याच्या सुमारास मादीला मिळणाऱ्या अन्नाशी निगडित असते. रायडर यांनी १९७० मध्ये रॉस हंसाच्या संदर्भात मादीने बरोबर आणलेल्या साठ्यावर भर दिला. भांडवलावर (अंगातल्या साठ्यावर) विणणारे आणि रोजच्या मिळकतीवर (विणीच्या जागी मिळणाऱ्या अन्नावर) विणणारे पक्षी हा भेद सामान्यतः ड्रेंट व दान यांच्या १९८० च्या लेखाकडे नेतात. पुढे तो जरा अधिकच ताणला गेला. उत्तर ध्रुवीय किनारपक्ष्यांची अंडी टुंड्रावरच्या (ध्रुवाजवळच्या वृक्षहीन मैदानावरच्या) ताज्या अन्नातून घडतात, असे कार्बनच्या समस्थानिकांवरून (एकाच मूलद्रव्याच्या वेगवेगळ्या वजनांच्या अणूंवरून) २००१ मध्ये दाखवण्यात आले; आयडर या उत्तरेकडील समुद्री बदकाच्या अंड्यांत मात्र साठा व ताजे अन्न या दोहोंचा वाटा आढळला. बदकांपुरते तरी मिश्र नीतीचे मत अधिक ग्राह्य वाटते.

आज आधारभूत मानले जाणारे प्रतिमान रो, लुडविग व श्लुटर यांचे (१९९४). विणीच्या जागी पोचल्यावर अंडी घालण्याआधी मादी थांबल्यास तिची चरबी वाढते आणि एखादे अंडे जास्त घालता येते. पण उशिरा निघालेल्या पिल्लाची जगण्याची शक्यता घटते. वाढीव अंड्याचा लाभ आणि उशिराचा तोटा जेथे समान होतात, तो दिवस अनुकूलतम. त्यामुळे पुष्ट मादी लवकर आणि जास्त अंडी घालते. लवकर आलेल्या मादीला मात्र थांबणे परवडते.

याची कसोटी कॅनडातील नूनावुत प्रदेशात, साउदॅम्प्टन बेटालगतच्या ईस्ट बे येथील आयडर वसाहतीत लागली. उडत्या माद्या जाळ्यात पकडून त्यांचे वजन करतात, रक्ताचा नमुना घेतात आणि चोचीवर खूणपट्टी लावून सोडतात; मग आडोशातून घरट्यांवर नजर ठेवतात. रक्तातील ट्रायग्लिसराइड या स्निग्ध पदार्थावरून चरबी चढण्याचा वेग कळतो. केवळ आगमनावेळचे वजन पाहण्यापेक्षा हे अधिक उपयोगी, कारण वजनातून साठा कळतो, त्याची गती नव्हे. आयडरची मादी सुमारे २५ दिवसांच्या उबवणीत जवळजवळ काहीच खात नाही, तेव्हा साठा अंड्यांपाशीच संपवून तिचे भागत नाही.

महाराष्ट्रात हिवाळा काढणारी तलवार बदके व थापट्या बदके सायबेरिया, मध्य आशियाकडे विणीला जातात. जायकवाडी किंवा नांदूर मध्यमेश्वर येथील चराई अशा प्रतिमानात फक्त आगमनावेळच्या शरीरस्थितीतून, तीही वाटेतल्या थांब्यांवरच्या चराईत मिसळूनच, उतरते.

शत्रू व रोग मूळ समीकरणात स्वतंत्रपणे येत नाहीत. ईस्ट बे येथे पक्ष्यांच्या कॉलराने अनेक माद्या दगावल्या. समुद्रबर्फ लवकर वितळल्यास ध्रुवीय अस्वले बेटांवर येऊन अंडी फस्त करतात. अशा वर्षी वेळेवर घातलेली अंडीही वाचत नाहीत.