‘मीच राज्य’ असं लुई म्हणालाच नव्हता

‘फ्रान्सचा राजा लुई चौदावा थोर होता का?’ असा वादविवाद वर्गात ठेवला की विरोधी बाजूचा पहिलाच गडी उठून ठोकून देतो, “जो माणूस ‘मीच राज्य’ म्हणतो, तो थोर कसला?” टाळ्या पडतात, मुद्दा जिंकला जातो. पण हे वाक्य त्याच्या तोंडचं असल्याचा समकालीन पुरावाच नाही.

गोष्ट सांगतात ती 13 एप्रिल 1655ची. सोळा वर्षांचा राजा शिकारीच्या कपड्यांतच पॅरिसच्या ‘पार्लमाँ’त शिरला. नावावरून संसद वाटते, पण ते होतं न्यायालय; राजाचे हुकूम तिथे नोंदवले जायचे. नोंदवलेल्या हुकमांवर पुन्हा बैठका भरवून खल करू नका, असं त्याने खडसावलं आणि निघून गेला. त्या दिवसाच्या इतिवृत्तात हे प्रसिद्ध वाक्य नाही. (हातात चाबूक होता, हीसुद्धा नंतरची फोडणी.)

उलट 1715 साली मरणशय्येवर तो म्हणाल्याची नोंद आहे ती अशी: “मी चाललो, पण राज्य कायम राहील.”

आणि त्याची सत्ताही वाटते तितकी अनिर्बंध नव्हती. ब्रिटनी, लाँगदॉकसारख्या प्रांतांत करासाठी तिथल्या सभांशी घासाघीस करावी लागे.

विरोधी बाजूने नाराज होऊ नये. 1685 साली त्याने प्रोटेस्टंटांचं धर्मस्वातंत्र्य काढून घेतलं, सुमारे दोन लाख माणसं देश सोडून गेली. तो मुद्दा घ्या की!