रक्तदाबमापन

वाहत्या रक्ताचा धमनीच्या भिंतीवर पडणारा दाब मोजण्याची क्रिया. हृदय आकुंचन पावते तेव्हाचा दाब प्रकुंचनी (बोलीत ‘वरचा’) आणि दोन ठोक्यांच्या मध्ये ते सैलावते तेव्हाचा प्रसरणी (‘खालचा’). एकक : पाऱ्याचे मिलिमीटर (मिमी.). नाडी जोरात म्हणजे बीपी जास्त, हा सार्वत्रिक गैरसमज आहे. मोठा रक्तस्राव झालेल्या माणसाची नाडी १२०च्या पुढे धावते आणि दाब मात्र घसरत असतो. विश्रांतीत प्रौढांची नाडी मिनिटाला ६० ते १०० असते. ती अंगठ्याने पाहू नये. मोजणाऱ्याच्या स्वतःच्या अंगठ्यातले ठोकेच कधी कधी मोजले जातात. ठोके अनियमित असतील तर पूर्ण मिनिटभर मोजावेत.

दंडाला फुगणारा पट्टा बांधण्याची पद्धत इटलीच्या रिवा-रोची यांनी १८९६ मध्ये मांडली. तिने वरचाच आकडा मिळे. रशियन शल्यचिकित्सक कोरोत्कोव्ह यांनी १९०५ मध्ये धमनीवर स्टेथोस्कोप ठेवून आवाज ऐकले, तेव्हा खालचाही हाती आला.

मोजणीआधी अर्धा तास चहा, तंबाखू, मिश्री, व्यायाम टाळावा. लघवी करून यावे, पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटे गप्प बसावे. गप्पा मारल्यानेही आकडा चढतो. दंड हृदयाच्या पातळीत टेकवलेला हवा; तो १० सेंमी. खाली लोंबला तर दाब सुमारे ७–८ मिमी. जास्त दिसतो. उघड्या दंडावर, कोपराच्या घडीच्या २–३ सेंमी. वर पट्टा बांधावा. पट्ट्यातली रबरी पिशवी दंडाच्या घेराच्या निदान ८० टक्के भागाला वेढणारी असावी. जाड दंडाला लहान पट्टा बांधला की दाब खोटाच वाढतो, आणि दवाखान्यात बहुधा एकाच मापाचा पट्टा असतो!

मनगटावरची नाडी लागेनाशी होईल त्याच्या ३० मिमी. वरपर्यंत हवा भरावी आणि सेकंदाला २–३ मिमी. या गतीने सोडावी. पहिला ‘टक्’ ऐकू येतो तो वरचा आकडा, आवाज पूर्ण थांबतो तो खालचा. नाडी न पाहता कमी हवा भरली तर आवाज मध्येच काही अंतर बंद पडतात त्या टप्प्यात फसगत होऊन वरचा दाब बराच कमी नोंदला जातो. घाईने हवा सोडली तर वरचा कमी आणि खालचा जास्त वाटतो. कागदोपत्री सगळेच आकडे शून्यावर संपत असतील, तर ते अंदाजे लिहिलेले समजावेत.

इलेक्ट्रॉनिक यंत्र आवाज ऐकत नाही. पट्ट्यातल्या कंपनांवरून गणित करते. म्हणून ठोके अनियमित असलेल्या रुग्णात त्याची एकच मोजणी विश्वासार्ह नसते.

पहिल्या वेळी दोन्ही दंडांवर मोजावे. ज्या दंडात आकडा जास्त, तोच पुढे वापरावा. मिनिटभराच्या अंतराने दोन-तीनदा मोजून सरासरी घ्यावी. दवाखान्यात वेगवेगळ्या दिवशी १४०/९० किंवा अधिक भरल्यास उच्च रक्तदाब मानतात. डॉक्टरांसमोर अनेकांचा दाब चढतो, त्यामुळे घरच्या मोजणीसाठी ही सीमा १३५/८५ धरतात.