पोटात गोळा येणे (खेळांतील गुरुत्वाकर्षण)

झोका, आकाशपाळणा, घसरगुंडी अशा खेळांत शरीर क्षणभर हलके झाल्याची जाणीव. हा वाक्प्रचार भीतीसाठीही वापरतात. इथे तो शब्दशः घ्यावा.

सोलापुरात ही जाणीव जानेवारीत हमखास मिळते. संक्रांतीच्या सुमारास सिद्धेश्वर यात्रा, म्हणजे गड्डा भरतो आणि होम मैदानावर पाळणे उभे राहतात. वर चढताना गप्पा चालू असतात. माथा आला की सगळे गप्प होऊन समोरचा दांडा आवळतात. माणसाला गुरुत्वाकर्षण थेट जाणवतच नाही. जाणवतो तो बुडाखालच्या फळीचा वर येणारा रेटा. गोल फिरण्यासाठी केंद्राकडे ओढ लागते. माथ्यावर ती गुरुत्वाकर्षणातूनच भागते, म्हणून फळीचा रेटा घटतो; तळाशी तो वाढतो. 10 मीटर त्रिज्येचा पाळणा 15 सेकंदांत फेरा घेत असेल, तर 30 किलोच्या मुलाखाली ठेवलेला वजनकाटा वर सुमारे 25 दाखवील, खाली 35. आतडी-जठरावरचा नेहमीचा ताणही तसाच सैलावतो. गोळा येतो तो हाच.

नागपंचमीचा झोका याहून चांगला शिक्षक, कारण तो स्वतः चढवावा लागतो. लिंबाच्या फांदीला बांधलेला 4 मीटर दोराचा झोका जाऊन-येऊन साधारण 4 सेकंद घेतो. फळीवर एक बसो की दोघी, वेळ तीच. ती ठरते दोराच्या लांबीवर. झोका फार उंच गेला तर किंचित वाढते, इतकेच. उभ्याने झोका चढवणारी मुलगी टोकाला गुडघे वाकवते आणि तळाशी येताच ताठ होते. तळाशी अंग वर उचलायला जास्त जोर लागतो, तो झोक्याच्या गतीत जमा होतो. कुणी शिकवलेले नसते. 60 अंशांपर्यंत चढलेल्या झोक्यात दोरावरचा ताण टोकाला वजनाच्या निम्मा, तर तळाशी दुप्पट असतो. फांदी करकरते ती तळाशीच.

गड्ड्याच्या यात्रेतले सात नंदीध्वज, म्हणजे मानकरी उभ्या धरून मिरवतात त्या उंच काठ्या, हा खेळ नव्हे, पण लांबीचा हिशेब तिथेही लागू पडतो. उंच काठी कलायला वेळ घेते, तेवढ्यात मानकऱ्याला पाय सरकवून तोल सावरता येतो. तळहातावर पेन्सिल उभी धरून पाहावी, मग झाडूची दांडी.