‘बाळ आईजवळ झोपतं’ म्हणजे नेमकं कुठे?

लेकीच्या बाळंतपणाला अमेरिकेत गेलेल्या आजीच्या बॅगेत मोहरीची उशी असते. हॉस्पिटलच्या कागदावर लिहिलेलं असतं: पाळण्यात उशी नको, बाळ वेगळं झोपवा. आजी म्हणते, “आम्ही काय मुलं वाढवली नाहीत?” सवाल रास्त आहे, कारण तज्ज्ञही मोठे चुकलेले आहेत.

१९२८ च्या सुमारास तिथे आयांना सांगत, मुलांचे पापे घेऊ नका. १९४६ साली आलेल्या एका गाजलेल्या पुस्तकाने ‘स्वतःवर विश्वास ठेवा’ म्हणून त्यांना धीर दिला. त्याच पुस्तकाने पन्नासच्या दशकात सांगितलं की बाळाला पालथं झोपवा, म्हणजे उलटी घशात अडकणार नाही. हा नुसता तर्क होता, कुणी तपासून पाहिलेला नव्हता. झोपेत दगावणाऱ्या बाळांची नीट मोजदाद झाली तेव्हा पालथी झोपच घातक निघाली. १९७० पर्यंतचा पुरावा वेळीच एकत्र मांडला असता तर ब्रिटनमध्येच दहा हजारांवर बाळं वाचली असती, असं २००५ च्या एका आढाव्यात दिसलं. हा आकडा वाचून जीव कळवळतो. हॉलंडने १९८७ मध्ये, ब्रिटनने १९९१ मध्ये आणि अमेरिकेने १९९२ मध्ये सल्ला फिरवला. अमेरिकेत दहा वर्षांत असे मृत्यू निम्म्यावर आले. उताणं झोपवण्याबद्दल आता वाद उरलेला नाही.

वाद आहे तो कुशीचा. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २००५ मध्ये सांगितलं, बाळ आईबापांच्या खोलीत असावं, पण त्यांच्या अंथरुणात नको. आपण सगळ्यालाच ‘जवळ झोपणं’ म्हणतो: खाटेला टेकलेला पाळणा, जमिनीवरच्या गोधडीवर आईची कूस, आणि थकून सोफ्यावर बाळासकट लागलेला डोळा. यातला सोफा सर्वांत धोक्याचा. मऊ गादी, जाड पांघरूण, सिगारेट, दारू यांनीही धोका वाढतो. ब्रिटनमध्ये हे धोके वेगवेगळे करून सांगतात, आणि मला तीच पद्धत आयांना जास्त उपयोगाची वाटते. सरसकट ‘नको’ म्हटलं की रात्री तीनला पाजणारी आई पलंगावरून उठून सोफ्यावर जाते. पाजताना डोळा लागणारच असेल तर सोफ्यापेक्षा पलंग बरा, असं अमेरिकेतला सल्लाही आता सांगतो.

मोहरीची उशी मात्र बॅगेतच राहावी. डोकं चपटं होऊ नये म्हणून बाळ जागं असताना, डोळ्यांसमोर पालथं घाला असं तिथले डॉक्टर सांगतात. पाय पसरून, पायांवर पालथं घेऊन आजी तेल चोळते तेव्हा ते आपसूक घडतं.