कंट्रोलर म्हणतो खाली, यंत्र म्हणतं वर

31 जानेवारी 2001. दुपारचे चार वाजायला पाचेक मिनिटं होती. जपानमधल्या याइझू शहराजवळच्या आकाशात जपान एअरलाइन्सचीच दोन विमानं एकमेकांच्या वाटेत आली. फ्लाइट 907 हे बोइंग 747 टोकियोच्या हानेदा विमानतळावरून ओकिनावातल्या नाहाकडे निघालं होतं आणि अजून वर चढत होतं. फ्लाइट 958 हे डीसी-10 दक्षिण कोरियातल्या बुसानहून नारिताकडे 37 हजार फुटांवरून चाललं होतं. दोन्हींत मिळून 677 माणसं होती.

टोकियोच्या नियंत्रण केंद्रात एक शिकाऊ कंट्रोलर ही वाहतूक सांभाळत होता. पडद्यावर धोक्याची सूचना आली तेव्हा त्याला 958 ला खाली आणायचं होतं, पण तोंडून नंबर गेला 907. चढणाऱ्या विमानाला खाली येण्याचा हुकूम मिळाला. मग परिस्थिती सावरायला वरिष्ठ कंट्रोलरांनी माइक घेतला आणि हाक मारली 957 ला. त्या नंबरचं विमानच तिथे नव्हतं!

याच सुमारास दोन्ही कॉकपिटमध्ये टीकॅस ही विमानांची टक्कर टाळणारी यंत्रणा बोलू लागली. 907 ला तिने सांगितलं वर चढा, 958 ला सांगितलं खाली या. दोन्ही सूचना अचूक होत्या. 958 च्या वैमानिकाने ऐकलं. 907 च्या कॅप्टनने मात्र कंट्रोलरच्या हुकमाप्रमाणे आधीच इंजिनांची ताकद कमी करून उतरायला सुरुवात केली होती. इतक्या उंचीवर, ताकद कमी असताना नाक वर उचललं तर विमान स्टॉल होईल, म्हणजे पंखांची उचलच जाईल, अशी त्याला भीती वाटली. तो उतरत राहिला. आता दोन्ही विमानं खाली येत होती.

अगदी शेवटच्या क्षणी 907 च्या कॅप्टनने नाक जोरात खाली दाबलं आणि 747 हे डीसी-10 च्या खालून निघून गेलं. अंतर सुमारे 135 मीटर. त्या झटक्याने 907 मधली माणसं आणि पेयांची ट्रॉली छतावर आदळली. शंभरच्या आसपास लोक जखमी झाले, पण जीव कुणाचाच गेला नाही.

स्वच्छ हवेत वैमानिकाला समोरचं विमान दिसत नाही का? दिसलं तरी त्याचा फारसा उपयोग होत नाही. दोन विमानं सरळ रेषेत, ठरावीक वेगाने एकाच बिंदूकडे जात असतील, तर समोरचं विमान काचेवर जागचं हलत नाही. जे सरकताना दिसतं ते बाजूने निघून जाणार असतं. जे एका जागी स्थिर दिसतं तेच धोक्याचं. आणि आपली नजर हलणारी वस्तू चटकन टिपते, स्थिर ठिपका नाही. शिवाय दोघांचा वेग ताशी 900 किलोमीटर धरला, तर समोरासमोर येताना सेकंदाला 500 मीटर अंतर संपतं. टक्कर व्हायला 15 सेकंद उरली असताना 64 मीटर पंखांचं 747 सुमारे साडेसात किलोमीटरवर असतं आणि पौर्णिमेच्या चंद्राएवढं दिसतं.

म्हणून टीकॅस डोळ्यांवर विसंबत नाही. साधारण दर सेकंदाला ते आजूबाजूच्या विमानांना रेडिओ लहरींनी विचारणा करतं, त्यांचे ट्रान्सपॉन्डर, म्हणजे आपोआप उत्तर देणारी रेडिओ यंत्रं, उंचीसह उत्तर देतात. उत्तर यायला लागलेल्या वेळेवरून अंतर कळतं. खरी युक्ती पुढे आहे. बेंडिक्स कंपनीतल्या मॉरेल यांनी 1950 च्या दशकात दाखवून दिलं की अंतर किती यापेक्षा वेळ किती उरला हे महत्त्वाचं. अंतराला जवळ येण्याच्या वेगाने भागलं की तो वेळ मिळतो. तो अर्ध्या मिनिटाच्या आसपास आला की वर-खालीचा आदेश सुटतो. त्याआधी दोन विमानांची यंत्रं आपसांत ठरवून घेतात: तू वर, मी खाली.

या सगळ्याचा पत्ता जमिनीवरच्या कंट्रोलरला सहसा नसतो. टीकॅसने कुणाला काय सांगितलं ते त्याला बहुतेक ठिकाणी दिसत नाही आणि लांब पल्ल्याच्या रडारवर विमानाची जागा साधारण दहा सेकंदांनी ताजी होते. त्यामुळे एकाने यंत्राचं आणि दुसऱ्याने माणसाचं ऐकणं हे दोघांनीही यंत्राकडे दुर्लक्ष करण्याहून घातक ठरू शकतं. याइझूत घडलं ते नेमकं हेच. हुकूम एकमेकांविरुद्ध असतील तर कुणाचा मानायचा, याचा निःसंदिग्ध नियमच तेव्हा जगभरात नव्हता.

तो नियम तातडीने व्हायला हवा होता. झाला नाही. 1 जुलै 2002 च्या रात्री जर्मनीतल्या युबरलिंगेनवर रशियन तुपोलेव्ह-154 आणि डीएचएलचं मालवाहू बोइंग 757 यांची टक्कर झाली. रशियन विमानाला टीकॅस वर जा म्हणत होतं, झुरिकचा कंट्रोलर खाली; वैमानिकांनी कंट्रोलरचं ऐकलं. 757 टीकॅसप्रमाणे खाली येत होतं. 71 माणसं गेली, त्यांत बरीचशी शाळकरी मुलं. दीड वर्षापूर्वीची तीच चूक पुन्हा घडली, याची चीड येते.

जपानमध्ये त्या दोन कंट्रोलरांवर खटला चालला. कनिष्ठ न्यायालयाने सोडलं, उच्च न्यायालयाने दोषी ठरवलं, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मला हा निकाल पटत नाही. नंबर चुकणं माणसाच्या हातून होणारच. ती चूक पोटात घेणारी व्यवस्था नव्हती, तो दोष त्या दोघांचा नव्हता.

2003 मध्ये आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेने नियम स्पष्ट केला: टीकॅसचा आदेश आणि कंट्रोलरचा हुकूम यांत विरोध असेल तर टीकॅसचंच ऐकायचं. यंत्रातही बदल झाला. 7.1 या आवृत्तीत, समोरचं विमान ठरल्याप्रमाणे न वागता आपल्याच दिशेने येतंय असं लक्षात आलं तर आदेश उलटा फिरवण्याची पद्धत सुधारली. आता आदेश आला की वैमानिक रेडिओवर फक्त 'टीकॅस आरए' (आरए म्हणजे टीकॅसचा वर-खालीचा आदेश) एवढंच कळवतो, आणि धोका टळल्याचं वैमानिकाकडून कळेपर्यंत कंट्रोलर त्या विमानाला वर-खालीचा कोणताही हुकूम देत नाही.